वाळवंटातील पंखताड

काही वर्षांपूर्वी प्रायश्चित्तकाळात दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी मुलखातील एका धर्मग्रामात, तेथील धर्मगुरू आजारी असल्यामुळे, सहा आठवडे सेवा करण्याचा योग आम्हांस आला. झावळ्यांच्या रविवारी प्रवचन करताना आम्ही देवळाच्या खिडकीकडे हात केला आणि म्हणालो, बाहेर रांगेने उभे असलेले हे उंच ताड पाहा. अशाच वृक्षांच्या फांद्या हाती घेऊन येरुशलेमकरांनी प्रभूचे स्वागत केले असेल. वाक्य आम्हांस बरे वाटले होते. मिस्सा आटोपल्यावर एक वयस्क बाई हळूहळू चालत आमच्यापाशी आल्या. त्या त्याच खोऱ्यातील मूळ रहिवासी, म्हणजे काहुइया जमातीच्या. त्यांनी अत्यंत नम्रपणे सांगितले, की देवळाबाहेरचे ताड रस्त्याच्या शोभेसाठी लावलेले असून ते मूळचे मेक्सिकोचे आहेत. येरुशलेममधले झाड पाहायचे तर रस्त्यापलीकडच्या बागेत आहे, ते खजुराचे. आणि ह्या भूमीचा स्वतःचा ताड ह्या दोहोंपैकी एकही नव्हे. तो डोंगराच्या घळीत आहे, सवड असेल तर दाखवीन.

एका वाक्यात आम्ही तीन झाडांची गल्लत केली होती. ज्या वसईत आम्ही जन्मलो तेथे लहान पोरालाही माड, ताड आणि शिंदी ह्यांतील भेद कळतो. तरी परमुलखात गेल्यावर उंच खोड आणि माथ्यावर पानांचा झुबका एवढे दिसले, की आमचे डोळे मिटले. ती चूक सुधारण्यासाठी त्या वेळी जे वाचले, पाहिले आणि विचारले, ते येथे मांडीत आहोत.

प्रथम झाडांची ओळख. ह्या कुळातील वृक्षांची पाने ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. माड, शिंदी, खजूर ह्यांचे पान पिसासारखे: मधोमध लांब कणा आणि त्याच्या दोहों बाजूंस पाती. ताडाचे पान पंख्यासारखे: लांब देठाच्या टोकापासून सगळ्या पात्या हाताच्या बोटांप्रमाणे फाकलेल्या. ह्या दुसऱ्या जातकुळीला आम्ही येथे सोयीसाठी पंखताड म्हणणार आहोत. आमचा ताडगोळ्यांचा ताड हा त्यातलाच. पवित्र शास्त्रातील झाड मात्र पिसाच्या पानाचे आहे. एलीम येथे इस्राएल लोकांना बारा झऱ्यांपाशी जी सत्तर झाडे भेटली, यरीहो ज्या झाडांचे नगर म्हणून ओळखले जाई आणि योहानाच्या शुभवर्तमानात ज्यांच्या फांद्यांचा उल्लेख आहे, ती सारी खजुराची. म्हणजे आमच्या देवळांतून त्या रविवारी माडाची झावळी वाटली जाते, ती आकाराने तरी मूळच्या झाडाच्या जवळची आहे.

कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील देशी पंखताडाचे शास्त्रीय नाव वॉशिंग्टोनिया फिलिफेरा. फिलिफेरा म्हणजे सूत धारण करणारा. पानांच्या पात्यांच्या कडांपासून पांढरे, कुरळे धागे सुटलेले असतात, आणि वाऱ्यावर ते असे हलतात की झाडाने नुकतेच कापूस पिंजून ठेवले आहे असे वाटावे. झाड पंधरा ते वीस मीटर उंच होते. खोड जाड, कधी कधी मीटरभर व्यासाचे, आणि खालपासून वरपर्यंत जवळजवळ सारखे. पान राखी छटेचे हिरवे. देठाच्या कडांना वाकडे काटे. सगळ्यांत विलक्षण गोष्ट म्हणजे वाळलेली पाने गळून पडत नाहीत. ती खाली वळून खोडालाच चिकटून राहतात आणि वर्षानुवर्षे साचून झाडाभोवती जमिनीपर्यंत पोहोचणारा तपकिरी घागरा तयार होतो. त्या घागऱ्यात पिवळसर वटवाघळे दिवसा विश्रांती घेतात. एक केशरी रंगाचा पक्षी पानाच्या खालच्या बाजूस त्याच पांढऱ्या धाग्यांनी आपले घरटे शिवतो.

देवळाबाहेरचे झाड हे ह्याचेच भावंड, वॉशिंग्टोनिया रोबुस्टा. नावाचा अर्थ दणकट. पण प्रत्यक्षात तेच सडपातळ. खोड बारीक, बुंध्याशी फुगीर, उंची पंचवीस मीटरच्याही पुढे जाणारी, पान तकतकीत हिरवे, देठाचा तळ तांबूस आणि धागे अगदी थोडे. नाव ठेवणाऱ्याने दोघांची अदलाबदल केली की काय असे वाटते. लॉस एंजेलिसच्या रस्त्यांची जी छायाचित्रे आपण पाहतो त्यांत वाकून डोलणारी बारीक झाडे बहुधा ही असतात. त्यांतील पुष्कळशी १९३० च्या दशकात नगरपालिकेने लावली. तिसरा एक पंखताड सीमेपलीकडे, मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात आढळतो. त्याला ब्राहेआ आर्माटा म्हणतात. पानावर मेणाचा थर असल्यामुळे तो निळसर चंदेरी दिसतो, आणि त्याचे फुलोरे पानांच्या झुबक्याच्या बाहेर, पार खाली लोंबतात. एवढ्या खुणा ध्यानी ठेवल्या, तर आमच्यासारखी फजिती कोणाची होणार नाही.

आमच्या ताडाशी ह्याची तुलना मनात येणे साहजिक आहे. ताडात नर आणि मादी झाडे वेगवेगळी. नराला ताडगोळे धरत नाहीत. ह्या वाळवंटी भावंडाचे फूल द्विलिंगी, त्यामुळे प्रत्येक झाड फळते. पण फळ वाटाण्याएवढे, काळे, बी मोठे आणि त्यावर गोडसर गराचा नुसता पापुद्रा. आपल्या पाहुण्यापुढे कोणी असे फळ ठेवले तर घरची मंडळी लाजतील. तरीही त्या फळावर शतकानुशतके माणसे जगली आहेत.

झावळ्यांच्या रविवारानंतर दोन दिवसांनी त्या बाई आपल्या नातवासह आम्हांस घेऊन गेल्या. पाम स्प्रिंग्ज शहराच्या दक्षिणेस आग्वा कालिएंते जमातीच्या राखीव भूमीत ही घळ आहे. पाम कॅनियन हे तिचे नाव, लांबी सुमारे चोवीस किलोमीटर. वरच्या कडेला उभे राहिले की चोहोंकडे उघडे, भाजलेल्या विटेच्या रंगाचे डोंगर, गवताची काडी नाही. आणि पायाखाली खोलवर एक हिरवी नदी वळणे घेत गेलेली. ती नदी पाण्याची नसून झाडांची आहे. खाली उतरल्यावर त्या घागरेवाल्या खोडांमधून चालताना गार हवा अंगाला लागली आणि दगडांवरून वाहणाऱ्या पाण्याचा बारीक आवाज आला. आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

वाळवंटात ही झाडे जगतात ती पावसावर नव्हे. त्यांची मुळे पेन्सिलीसारखी बारीक, पुष्कळ, पण फार खोल न जाणारी. तेव्हा जमिनीच्या पृष्ठभागाजवळ बारमाही पाणी असेल तेथेच ती उगवतात. दुरून पंखताड दिसला म्हणजे तेथे पाणी आहे, हे तहानलेल्या वाटसरूने न विचारता समजावे. आणि हे पाणी वर येते कसे? ह्या खोऱ्यातून सॅन अँड्रियास हा भूकंपांसाठी कुप्रसिद्ध असलेला भूभंग जातो. तेथे खडक खडकावर घासून दळला गेला आहे, आणि त्या पिठाची घट्ट चिकणमाती झाली आहे. जमिनीखालून झिरपत येणारे पाणी ह्या भिंतीशी अडते आणि वर उसळते. म्हणून काही ठिकाणी हे ताड ओळीने उभे दिसतात. थाउजंड पाम्स येथील राई ह्याच कारणाने आहे. ज्या भेगेने नगरे हादरतात, तिच्याच कडेने झाडांना पाणी मिळते.

एकमेकांपासून मैलोन्‌मैल दूर असलेल्या ह्या राया आल्या कोठून, ह्याविषयी अभ्यासकांत मतभेद होते. पूर्वी असे मानीत, की हवामान दमट असताना ह्या वृक्षांचे सलग वन होते आणि आजच्या राया म्हणजे त्याचे उरलेले तुकडे. मॅक्लेनाहन आणि बोशाम ह्या संशोधकांनी १९८६ मध्ये निरनिराळ्या रायांतील झाडांची आनुवंशिक तपासणी केली, तेव्हा त्यांच्यात भेद फारच थोडा आढळला. हजारो वर्षे अलग राहिलेली कुळे इतकी सारखी राहणे कठीण. त्यापेक्षा बी अलीकडच्या काळात इकडून तिकडे गेले असावे हे अधिक संभवनीय. बी वाहून नेणारे कोण? कोल्हे, पक्षी, आणि माणसेही. आमच्या मते ह्या शेवटच्या शब्दावर थोडे थांबले पाहिजे. गोरे प्रवासी ज्याला निसर्गाचे एकांतातील आश्चर्य म्हणत आले, त्यात कोणाच्या तरी हाताने पेरलेले आणि राखलेलेही असू शकेल.

राखलेले तर नक्कीच. काहुइया लोक ह्या झाडाला आपल्या भाषेत माउल म्हणतात. फळे ताजी खात, वाळवून दळून त्यांचे पीठ करीत. पानांनी घरे शाकारीत, पानांच्या वाहाणा करीत. बिया भरून समारंभांतील खुळखुळे करीत. आणि ते राईला आग लावीत असत. हे ऐकून आम्ही चमकलो. पण त्यामागे शास्त्र आहे. इतर वृक्षांचे जिवंत अंग सालीखालच्या पातळ थरात असते. तो जळला की झाड मेले. ताडकुळाच्या खोडात रसवाहिन्या आतपर्यंत विखुरलेल्या असतात आणि वाढीचा कोंब माथ्यावर सुरक्षित असतो. त्यामुळे घागरा जळून जातो, खोड कोळशासारखे काळे होते, आणि झाड पुन्हा पालवते. दाट झुडपे जळाल्याने पाणी झाडांना उरते, कीड कमी होते, फळे वेचायला वाट मिळते. आम्ही त्या घळीत पाहिलेल्या कित्येक खोडांवर जुन्या आगीची काजळी होती.

त्यांच्या जमातीतील एक नेते फ्रान्सिस्को पातेन्सिओ ह्यांनी सांगितलेल्या कथा १९४३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्यांत पहिल्या ताडाची कथा आहे. एका म्हाताऱ्या प्रमुखाला आपला काळ जवळ आल्याचे कळले. आपल्या मागे आपल्या लोकांच्या उपयोगी पडावे ह्या इच्छेने तो ताठ उभा राहिला, आणि हळूहळू त्याच्या देहाचे झाड झाले. त्याची फळे खाऊन लोकांनी बिया पेरल्या. ह्या कथेला ख्रिस्ती अर्थ चिकटविण्याचा मोह एका धर्मगुरूला होणार हे उघड आहे. तो आम्ही आवरला. कथा त्यांची आहे; ती त्यांच्याच अर्थाने राहू द्यावी.

आता आमच्या माणसांकडे वळू. कॅलिफोर्निया हे नाव प्रथम ज्या बाहा द्वीपकल्पाला मिळाले तेथे २५ ऑक्टोबर १६९७ रोजी येशूसंघीय फादर हुआन मारिआ दे साल्व्हातिएर्रा ह्यांनी लोरेतो येथे पहिले कायमचे मिशन स्थापिले. ह्याच किनाऱ्याजवळून फिलिपाइन्सहून मेक्सिकोला जाणारी स्पॅनिश गलबते जात. वसईकरांना येथे एक गोष्ट आठवावी: १५९६ मध्ये जपानच्या किनाऱ्याला लागून फुटलेले ‘सान फेलिपे’ हे गलबत ह्याच मार्गावरचे, आणि त्यातील प्रवासी, मेक्सिकोचे संत फेलिपे, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे आमच्या संत गोन्सालो गार्सियांबरोबर रक्तसाक्षी झाले. मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका येथील कॅथेड्रलच्या भिंतींवर त्या रक्तसाक्ष्यांची जुनी चित्रे आहेत. असो.

येशूसंघीयांनी त्या शुष्क मुलखात जेथे झरा तेथे मिशन उभारले. १७०५ मध्ये मुलेहे, १७२८ मध्ये सान इग्नासिओ. आणि झऱ्याकाठी त्यांनी खजूर लावला. सान इग्नासिओला आजही हजारो खजुरांची गर्द राई आहे, आणि तिच्यामधून डोमिनिकन धर्मगुरूंनी १७८६ मध्ये पूर्ण केलेले दगडी देऊळ डोकावते. ह्या धर्मगुरूंच्या कष्टांना तोड नाही. परंतु झऱ्याकाठी पंखताड आधीपासूनच उभा होता, हे विसरून चालणार नाही. तेथल्या कोचिमी लोकांना त्याचा उपयोग ठाऊक होता. नवे झाड आले, नवी शेती आली, नवी प्रार्थना आली. आणि त्यांबरोबर देवी, गोवर अशा रोगांच्या साथीही आल्या, ज्यांची त्या लोकांच्या शरीरांना ओळख नव्हती. अभ्यासकांचा अंदाज असा, की १६९७ मध्ये त्या द्वीपकल्पात चाळीस हजारांच्या आसपास माणसे असावीत. १७६८ मध्ये ती सुमारे सात हजार उरली. ज्यांचा आत्मा तारण्यासाठी घरदार सोडून आलो ती माणसेच डोळ्यांदेखत नाहीशी होताना पाहणाऱ्या मिशनऱ्याच्या मनाचे काय होत असेल?

१७६७ मध्ये राजाज्ञा निघाली आणि पुढच्या वर्षी, ३ फेब्रुवारी १७६८ रोजी, द्वीपकल्पातील सोळा येशूसंघीयांना लोरेतोहून गलबतावर चढविण्यात आले. त्यांतले एक फादर मिगेल देल बार्को. सान हाव्हिएर मिशनात त्यांची सुमारे तीन दशके गेली होती. इटलीत, बोलोन्या येथे वनवासात असताना त्यांनी त्या भूमीतील झाडे, झुडपे, प्राणी, लोक आणि त्यांची भाषा ह्यांचा तपशीलवार वृत्तान्त लिहिला. १७९० मध्ये ते वारले. ग्रंथ छापून निघाला तो मेक्सिकोत, १९७३ मध्ये. परत कधीही दिसणार नसलेल्या झाडांची वर्णने इतक्या बारकाईने करणाऱ्या त्या वृद्ध धर्मगुरूचे चित्र आम्हांस फार मोठे वाटते.

येशूसंघीयांचे शेवटचे मिशन सान्ता मारिआ १७६७ मध्ये उत्तरेच्या एका डोंगरघळीत उभे राहिले होते. १७६९ च्या मे महिन्यात फ्रान्सिस्कन फादर जुनीपेरो सेरा तेथून पुढे सान दिएगोकडे गेले. सेरांनी स्वहस्ते लावलेला म्हणून सांगितला जाणारा एक वृक्ष सान दिएगो येथे १९५७ पर्यंत होता. तोही खजूरच. सेरांना पोप फ्रान्सिस ह्यांनी २३ सप्टेंबर २०१५ रोजी वॉशिंग्टन शहरी संतपद दिले, तेव्हा अनेक मूळ रहिवाशांनी उघड दुःख व्यक्त केले. त्याच वर्षीच्या जुलैत पोप महाशयांनी बोलिव्हियात, वसाहतींच्या काळात ख्रिस्तसभेकडून मूळ रहिवाशांविरुद्ध घडलेल्या पापांबद्दल क्षमा मागितली होती. दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या, एकाच माणसाने केलेल्या. आम्ही दोन्ही स्वीकारतो. पण दोन्ही एकदम मनात धरणे सोपे आहे असे म्हणणार नाही.

काहुइया मुलखातून स्पॅनिश माणसे प्रथम गेली ती १७७४ मध्ये, हुआन बाउतिस्ता दे आन्सा ह्यांच्या नेतृत्वाखाली. पुढच्या वर्षी ते सुमारे २४० वसाहतवाल्यांना घेऊन पुन्हा निघाले. कायोटी कॅनियन नावाच्या घळीत २४ डिसेंबर १७७५ च्या रात्री हेर्त्रुदिस लिनारेस ह्या स्त्रीला पुत्र झाला. सोबतचे फादर पेद्रो फॉन्ट ह्यांनी नाताळच्या दिवशी मिस्सा केली आणि बालकाचा बाप्तिस्मा करून त्याचे नाव साल्व्हादोर इग्नासिओ ठेवले. त्या परिसरातील घळींत पंखताडांच्या राया आजही आहेत. नाताळच्या रात्री, वाळवंटात, प्रवासी कुटुंबात जन्मलेले बाळ: ह्यावर प्रवचन रचायला कोणास वेळ लागेल? परंतु ती घळ ओसाड नव्हती. तेथे लोक राहत होते, आणि फॉन्ट ह्यांच्या रोजनिशीत त्यांच्याविषयीचा सूर तुच्छतेचा आहे.

अमेरिकन आले ते १८४६ मध्ये. त्या नोव्हेंबरात वाळवंटातून थकून चाललेल्या सैन्याला दूर कड्याशी काही आकृती दिसल्या. पूर्वी फ्लोरिडात लढलेल्या शिपायांनी जुने मित्र भेटावे तसे त्यांना ओळखले; ते ताड होते आणि तेथे झरा होता. लेफ्टनंट एमरी ह्यांनी ही नोंद करून ठेवली आहे. फ्लोरिडाचे झाड वेगळे, म्हणजे शिपायांची जात चुकली होती. पण पाणी चुकले नाही.

नाव मात्र युरोपातल्या काचघरात ठरले. बेल्जियममधील गेंट येथे लिंडेन ह्यांच्या रोपवाटिकेत बियांपासून रोपे वाढली, तेव्हा ती प्रशांत महासागरातील बेटांवरच्या एका जातीची समजली गेली. हर्मन वेंडलांड ह्या जर्मन तज्ज्ञाने १८७९ मध्ये ती निराळी ठरवून अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांचे नाव दिले. ज्या गृहस्थांनी वाळवंट कधी पाहिले नाही, त्यांचे नाव. आणि शेकडो वर्षे फळे वेचणाऱ्यांचा माउल शब्द तळटीपेतही नाही. तोवर १८६३ च्या देवीच्या साथीने काहुइयांची गावे रिकामी केली होती, आणि १८७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट ह्यांच्या हुकुमाने आग्वा कालिएंते लोकांना त्यांच्याच भूमीचा तुकडा राखीव म्हणून मिळाला. झाडेही उचलली गेली. लॉस एंजेलिसमध्ये १८८० च्या दशकाच्या अखेरीस रेल्वे स्थानकापुढे आणून लावलेला एक मोठा पंखताड १९१४ मध्ये पुन्हा उपटून एक्स्पोझिशन पार्कच्या दारात बसविण्यात आला.

पाण्याचा प्रश्न अखेर न्यायालयात गेला. खोऱ्यात हिरवळीची मैदाने, तलाव आणि बागा वाढल्या; जमिनीखालचे पाणी उपसले जाऊ लागले. २०१३ मध्ये आग्वा कालिएंते जमातीने दोन पाणीपुरवठा संस्थांविरुद्ध दावा लावला. राखीव भूमीबरोबर भूजलावरचा हक्कही जमातीस मिळालेला आहे, असा निर्णय वरिष्ठ न्यायालयाने २०१७ मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. पंखताडाची मुळे वरवरची असतात हे वर सांगितले आहे. ह्या निकालाचे महत्त्व त्यावरून कळावे.

त्या दिवशी घळीतून परतताना बाईंनी वाळलेल्या घोसातून गळालेल्या काही बिया आमच्या तळहातावर ठेवल्या. आमच्या गावी पंखताड आहे का, असे त्यांनी विचारले. आम्ही ताडगोळ्यांचे वर्णन केले: उन्हाळ्यात झाडावरून उतरविलेला घड, कोयत्याच्या घावाने उघडलेले फळ, आतला पाण्याने भरलेला मऊ गर. त्यांनी नातवाला ते पुन्हा समजावून सांगितले. मग त्यांनी विचारले, तुमच्या झाडालाही असा घागरा असतो काय? आम्ही म्हणालो, आमच्याकडे झाडावर चढणारा भंडारी वाळकी पाने कोयत्याने छाटून टाकतो. त्या थोड्या विचारात पडल्या आणि म्हणाल्या, म्हणजे तुमच्याकडेही झाडाची देखभाल करणारा माणूस आहे.